हरभऱ्याची पट्टी आणि 'उचल'

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपड्याला धान्याचं अडत दुकान (शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देऊन त्यावर दलाली, म्हणजे अडत, घेणारं), सहावीपासून गल्ल्यावर बसताय, आता बारावी कॉमर्स. घरचे म्हणतात हिशोब तुझ्या रक्तात आहे, सीए कर. लहानपणी जे पाहिलं त्याचा या लाइनीत खरंच उपयोग होतो का?

होतो. पण तुमचे घरचे ज्याला हिशोब म्हणताहेत, त्याचा नाही. आणि हिशोब कुणाच्याच रक्तात नसतो. रक्तात साखर असते, तीही चाळिशीनंतर कळते.

गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला नोटा झपाझप मोजता येतात, तोंडी बेरीज येते, उधारीवाला कोण हे चेहऱ्यावरून कळतं. ही झाली रोखपाली. तुमच्याच दुकानातली एक पट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारा हिशोबाचा कागद, समोर ठेवा. हरभरा १२ क्विंटल ४० किलो, भाव क्विंटलला ५,२००, रक्कम ६४,४८०. हमाली-तोलाई ३१० वजा. पेरणीच्या वेळी दुकानातून आगाऊ घेतलेली उचल २०,००० वजा. शेतकऱ्याच्या हातात ४४,१७०. तो घरी जाऊन सांगतो, "हरभऱ्याचे चव्वेचाळीस हजार आले." चूक. विक्री ६४,४८०, खर्च ३१०, आणि २०,००० ही कर्जफेड. ते पैसे मिळाले तेव्हा उत्पन्न नव्हते, आज कापले गेले म्हणून खर्चही नाहीत.

आता तीच पट्टी काउंटरच्या अलीकडून बघा. ते ६४,४८० तुमच्या दुकानाची विक्री आहे का? नाही. माल शेतकऱ्याचा, घेणारा व्यापारी, तुमची फक्त अडत. शेतकऱ्याला पैसे आज दिले, व्यापाऱ्याकडून येणार पंधरा-वीस दिवसांनी, म्हणजे गल्ला रिकामा आणि धंदा चांगला, हे एकाच दिवशी खरं असू शकतं. उलटंही. गल्ला भरलेला दिसतो तेव्हा त्यातले बरेचसे दुसऱ्याचे असतात. अडत्याच्या पोराला हे दहाव्या वर्षीच कळायला हवं. बहुतेकांना कळत नाही, कारण घरात कुणी बोलून दाखवत नाही.

त्यात दुकानदाराच्या घरातली खोड वेगळीच. किराणा, शाळेची फी, लग्नातला आहेर, सगळं त्याच गल्ल्यातून. जमाखर्चात यालाही उचलच म्हणतात, मालकाची. शेतकऱ्याची उचल दुकानाचं येणं असते, मालकाची उचल भांडवलातून वजा होते. शब्द एक, पण एक ताळेबंदाच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. दोन्हींना "खर्च" म्हणत मोठं झालेलं पोर ती सवय आर्टिकलशिपपर्यंत, म्हणजे सीएच्या ऑफिसातल्या उमेदवारीपर्यंत, घेऊन येतं आणि क्लायंटच्या घराचं वीजबिल धंद्यात टाकतं.

दुसरी खोड रोखीची. स्वतःच्या व्यापारासाठी शेतकऱ्याकडून त्याचाच माल घेतला आणि रोख दिले तर आयकरात रोखीच्या मर्यादेतून सूट आहे. तोच हरभरा व्यापाऱ्याकडून घेऊन एका दिवसात एकाला १०,००० च्या वर रोख दिले, की तो खर्च नामंजूर. "आमच्याकडे असंच चालतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

स्वतःला तपासायचं असेल तर एका महिन्याचा रोजमेळ (रोजच्या व्यवहारांची वही) घ्या आणि कोऱ्या वहीत हाताने खतावणी करा, म्हणजे एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यात उतरवा. शेतकऱ्यांची खाती, व्यापाऱ्यांची खाती, अडत, हमाली, मालकाची उचल, सगळं वेगळं. मग तेरीज काढा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींची बेरीज जुळते का बघा. जुळणार नाही. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकडे उलटलेत. २,७०० चा फरक म्हणजे ६,३०० चे ३,६०० लिहिले असतील. नाहीतर फरक निम्मा करा आणि तेवढी रक्कम शोधा, ती चुकीच्या बाजूला पडलेली असते. टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, करू नका. जमा-नावे जुळल्याशिवाय ते एंट्रीच घेत नाही, त्यामुळे हा फरक दिसतच नाही. रात्री अकराला ते २,७०० सापडल्यावर बरं वाटलं तर ही लाइन तुमची. "सोडा ना, किरकोळ आहे" असं वाटलं तर दुकान सांभाळा, त्यातही कमीपणा नाही.

आणि "दुकानदाराच्या पोरालाच जमतं, शेतकऱ्याच्या नाही" हे जळगावात अजून ऐकू येतं. मला ते पटत नाही, कधीच पटलं नाही. ज्या घरात पट्टी आल्यावर आई कंदिलाच्या काचेसारखी ती उलटसुलट करून बघते आणि विचारते, "तोलाई दोनदा कशी कापली?", त्या घरात ऑडिट आधीच सुरू झालेलं असतं. दुकानातलं पोर घेणाऱ्याच्या बाजूने कागद बघतं, शेतातलं कापले गेलेल्याच्या बाजूने. ऑडिटला दुसरी नजर जास्त लागते.

परीक्षेचं राहिलंच. फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, शंभराचे चार पेपर. प्रत्येकात ४० हवेत, पण एकूण २०० हवेत. चारही पेपरांत चाळीस-चाळीस मिळवणारा १६० वर नापास होतो. गणित आणि अर्थशास्त्र वस्तुनिष्ठ, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. कायद्याचा पेपर लिहून द्यायचा असतो आणि माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. गल्ल्यावरची मुलं अकाउंट्सला कमी आणि इथे जास्त अडकतात. तेव्हा पहिले तीन महिने कायद्याची उत्तरं रोज हाताने लिहा. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे. ती घरच्या ओळखीतल्या ऑफिसात करू नका, तिथे तुम्हाला चुकू देत नाहीत.

हे सगळं सीए डोक्यात ठेवून लिहिलं. आपल्याकडे पतसंस्था आणि विविध कार्यकारी सोसायट्या गावोगाव आहेत. त्यांच्या ऑडिटमध्ये रस असेल तर पदवीनंतर सहकार खात्याची जीडीसी अँड ए (सहकार आणि हिशोबाची शासकीय पदविका) परीक्षाही बघून ठेवा.