पाच रुपयांचे आजोबा

'ताई, मुलगा नऊ वर्षांचा आहे. अभ्यास, दप्तर भरणं, ताट उचलणं सगळ्यासाठी फ्रिजवर स्टार चार्ट लावलाय, दहा स्टारला पन्नास रुपये. आधी मस्त चाललं, आता साधं पाणी आण म्हटलं तरी विचारतो, किती देशील? खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आपणहून पेपर वाचून दाखवायचा, तेही चार्टवर घेतलं तरी हल्ली टाळतो. सासूबाई मधेच चॉकलेटं देऊन लाडावतात. आमचे संस्कार कमी पडले का? – हैराण आई, ठाणे'

अगं, ते आजोबांचं किती पटकन उरकलंस! मी तिथेच अडकले. नऊ वर्षांचं पोर कोणी न सांगता एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसून पेपर वाचतं आणि तू विचारतेस संस्कार कमी पडले का? होते की! तू त्यांना रेट लावलास. तोही एका स्टारचे पाच रुपये, एवढ्यात मी पण टाळलं असतं.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा 1973 सालचा प्रयोग आहे, चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांवरचा. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. पुढे वर्गात नुसतीच स्केचपेनं ठेवली तर ज्यांना सर्टिफिकेट आधीच कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ त्यात रमली. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही, म्हणून सासूबाईंच्या चॉकलेटवर माझा राग नाही, ते कशाच्या बदल्यात नसतं.

तर चार्ट आजच काढ, सगळाच. दप्तर नाही भरलं तर ओरड, त्याला आई पुरते. आणि त्याला स्पष्ट सांग, आजोबांकडे जायचे पैसे लावले ते माझं चुकलं, आता पैसे नाहीत, जावंसं वाटलं तर जा. मग गप्प बस. गेलास का विचारू नकोस, गेला तर शाबास म्हणू नकोस, फॅमिली ग्रुपवर फोटो तर अजिबात टाकू नकोस. लगेच नाही जाणार तो, हिशोबाची सवय तूच लावलीयस, जायला वेळ लागेल, कदाचित जाणारही नाही.

तोवर पेपर वाचायला तू जा. पोरगं का येईनासं झालं हे त्या माणसाला कोणी सांगितलंय का?