तुझ्या कॉमिकची शेवटची चार पानं

प्रिय,

हॉस्टेलमधल्या दोन मुलींच्या प्रेमाची तुझी छत्तीस पानं दोनदा वाचली. पहिल्यांदा पीएमटीत, मोबाइलवर, उभ्याने. ती चूकच झाली, कारण तू चित्रं दोन पानांवर पसरून काढली आहेस आणि फोनवर ती मधोमध कापली जातात. मग घरी प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. हॉस्टेलची गच्ची, वाळत घातलेल्या ओढण्या, त्यामागे दोघींचे फक्त पाय दिसतात ते पान, हे सगळं उत्तम आहे. पानांच्या कोपऱ्यांत लिलीची फुलं का आहेत, त्याकडे नंतर येते.

आधी शेवटची चार पानं. परीक्षा संपते, एक जण गाडीत बसते, दुसरी फलाटावर राहते आणि वर चौकटीत वाक्य येतं, 'ते वयच तसं होतं.' बत्तीस पानं तू तुझ्या मनाने काढलीस. ही चार मात्र उसनी आहेत. कुणाकडून आली ते सांगते, म्हणजे परत करायला सोपं जाईल.

जपानमध्ये १८९९ साली मुलींच्या माध्यमिक शाळांसाठी वेगळा कायदा झाला आणि गावोगावी अशा शाळा निघाल्या. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. तिथे मोठ्या इयत्तेतली आणि धाकट्या इयत्तेतली अशा दोन मुलींचं गूळपीठ जमायचं, चिठ्ठ्या जायच्या, सारख्या रिबिनी बांधल्या जायच्या. याला नाव होतं 'एस', म्हणजे इंग्रजीतल्या सिस्टरमधला एस. घरच्यांना ते चालत असे, कारण पदवीदान झालं की लग्न आणि लग्न झालं की हे संपणार, असा हिशोब होता. मात्र १९११ मध्ये निइगाताच्या किनाऱ्यावर, शाळा सोडून फार दिवस न झालेल्या दोन मुलींनी एकत्र जीव दिला, तेव्हा वर्तमानपत्रं खडबडून जागी झाली. साधी मैत्री कुठली आणि 'तसलं' प्रेम कुठलं, यावर तज्ज्ञ मंडळी लिहू लागली. मुलींना कुणी विचारलं नाही, हे ओघानेच आलं.

योशिया नोबुको ही या काळातली मोठी लेखिका. १९१६ पासून तिने मुलींच्या मासिकात फुलांच्या नावांच्या कथा लिहिल्या. विरह, अश्रू, शाळेचं फाटक, सगळं त्यात आहे. आणि गंमत अशी, की तिचं स्वतःचं आयुष्य तिच्या कथांसारखं झालं नाही. १९२३ मध्ये तिला मोम्मा चियो भेटली, गणिताची शिक्षिका, आणि पुढची पन्नास वर्षं दोघी एकत्र राहिल्या. लग्नाची सोय कायद्यात नव्हती, म्हणून १९५७ मध्ये नोबुकोने चियोला कागदोपत्री दत्तक मुलगी करून घेतलं. वयात जेमतेम तीन वर्षांचं अंतर! कामाकुरातलं त्यांचं घर आता स्मारक आहे. तुझ्या फलाटावरच्या मुलीपुढे मी हे घर ठेवते आहे, ते लक्षात असू दे.

यानंतर १९७१. यामागिशी र्‍योको यांची फ्रान्समधल्या वसतिगृहावरची मांगा (जपानी कॉमिक), जिला बरेच जण पहिली युरी, म्हणजे बायकाबायकांच्या प्रेमाची, मांगा मानतात. शेवटी एक नायिका मरते. आपल्याकडे तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं, तिथेही मुलीवर जीव असलेली मित्रा मरतेच. या दोघांनी एकमेकांचं काही पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्या काळात दोन मुलींच्या गोष्टीला दोनच दारं होती, लग्नाचं आणि मरणाचं. तू तिसरं काढलंस, रेल्वेचं. पण ते उघडतं त्याच अंगणात.

आता लिली. लिलीला जपानीत युरी म्हणतात. १९७६ मध्ये 'बाराझोकु' (गुलाबाची जमात) या पुरुषांच्या समलैंगिक मासिकाचे संपादक इतो बुनगाकु यांनी वाचक स्त्रियांसाठी एक सदर काढलं आणि त्यांना 'लिलीची जमात' म्हटलं. पुरुषांचं गुलाब, म्हणून बायकांची लिली. एका पुरुष संपादकाने दिलेलं नाव पुढे अख्ख्या साहित्यप्रकाराला चिकटलं, आणि ते तू नाशकाच्या हॉस्टेलच्या गच्चीवर आणून लावलंस. तिथे कुंड्यांत काय होतं? सदाफुली असणार.

(हा सगळा प्रकार लपवायची हौस इतरांनाही होती. 'सेलर मून' या जपानी कार्टून मालिकेतल्या युरेनस आणि नेपच्यून या दोन मुलींच्या जोडीला अमेरिकेसाठी डब करताना कझिन करून टाकलं. चुलत की मामे, तेवढंही कळू दिलं नाही.)

तुला वाचायला सांगते आहे त्या दोन मांगा अशा. शिमुरा ताकाको यांची 'आओइ हाना' याच कामाकुरात घडते. फुमी गोष्टीत येते तेव्हाच तिचं मन मोडलेलं असतं: जिच्यावर जीव होता ती थोरली नात्यातली बहीण लग्न करून निघाली आहे. म्हणजे जुन्या गोष्टी जिथे संपायच्या, तिथून ही सुरू होते. दुसरी नाकातानी निओ यांची 'यागाते किमी नि नारु', २०१५ ते २०१९, आठ खंड. त्यातल्या सायाकाला माध्यमिक शाळेत एका वरच्या वर्गातल्या मुलीने आधी मागणी घातली आणि मग तेच वयाचं खूळ होतं म्हणून सोडून दिलं. तुझं चौकटीतलं वाक्य! फक्त इथे ते लेखिका बोलत नाही, एक पात्र बोलतं, आणि ते ऐकून सायाकाचं काय होतं हे आपण पुढचे कितीतरी खंड पाहतो. शिवाय या गोष्टीत कॅफे चालवणारी एक बाई आहे. शाळेतली एक शिक्षिका तिची जोडीदार. दोघी मोठ्या आहेत, कामाला जातात, संध्याकाळी घरी येतात. सायाका त्या कॅफेवालीजवळ मन मोकळं करते. तुझ्या छत्तीस पानांत पंचविशीच्या पुढची एकही बाई नाही, रेक्टर सोडून. एखादी आण. तिने काही करायचं नाही, नुसतं असायचं.

तू विचारलंयस की नायिकेने कुठेतरी 'मी लेस्बियन आहे' असं म्हणायला हवं का, नाहीतर वाचक पळवाट काढतील. भाषेची बाई म्हणून उत्तर देते. जपानीत मुली 'सुकी' म्हणतात. सुकीला आंबाही चालतो, मैत्रीणही, प्रियकरही. इंग्रजी अनुवादकांची त्यावर पंचाईत होते, लाइक लिहावं की लव्ह. मराठीत तो घोळच नाही. 'मला तू आवडतेस.' हुबेहूब सुकी, तितकंच धूसर आणि वेळ आली की तितकंच धारदार. तू मात्र बाविसाव्या पानावर 'मी तुझ्यावर प्रेम करते' लिहिलंयस. असं मराठीत कोण बोलतं? खोड ते.

'लेस्बियन' हा शब्द नको असं मी म्हणत नाही. युझाकी साकाओमी यांच्या स्वयंपाक करणाऱ्या आणि खाणाऱ्या दोन शेजारणींच्या मांगात नोमोतोला शेजारीण आधी आवडते, मग ती तो शब्द शोधायला लागते, कारण आपल्यासारखी आणखी माणसं गाठायची असतात. शब्दाची गरज पात्राला पडली की येऊ दे. वाचकाला पकडून ठेवायला आणू नकोस.

आणि मेलच्या तळाशी, सहीच्याही खाली, तू एक ओळ लिहिलीस: हे सगळं मला इतकं का आवडतं, याला काही अर्थ असेल का? ती मी आधी वाचली, बाकीचं नंतर.

युरी वाचणाऱ्यांत बायकांवर जीव असलेल्या बायका आहेत, संसारी बायका आहेत, भरपूर पुरुषही आहेत. वाचनावरून कुणाचा लैंगिक कल ठरत नाही. पण एवढं सांगून मी तुझी बोळवण करणार नाही, कारण ती ओळ तू सहज लिहिलेली नाहीस. 'यागाते'ची नायिका यू, तिला कितीतरी काळ काहीच वाटत नाही, आणि गोष्ट तिला घाई करत नाही. त्यातच माकी नावाचा मुलगा आहे, त्याला दुसऱ्यांची प्रेमं पाहायला आवडतात, स्वतःला नको असतात. त्याला कुणी दुरुस्त करायला जात नाही. तुला उत्तर आज हवं असेल तर ते माझ्याकडे नाही, तुझ्याकडेच आहे. उत्तर कुठलंही निघालं तरी माझ्या घरी चहा तोच मिळेल. आणि घरी कुणाला यातलं काही सांगायचं झालंच, तर परीक्षा, भाडं, पैसे यांची व्यवस्था आधी बघ. हे रुक्ष वाटेल, पण मी बघितलंय म्हणून सांगते.

रविवारी अकराला ये. पानं मेल करू नकोस, कागदावर आण. 'यागाते'चा आठवा खंड माझ्याकडे आहे, दोघी मिळून जपानीतच वाचू, शब्दकोश तू आणायचास.

— सेन्सेई