उत्तर पाहिले की समजते, पण स्वतःला सुचत नाही

बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांकडून गणिताबाबत ही तक्रार वारंवार ऐकू येते. एका विद्यार्थिनीची आई तर वह्यांचा गठ्ठाच घेऊन आली होती. प्रत्येक प्रकरणाचा स्वाध्याय पूर्ण होता, अक्षर सुबक होते, तरीही सराव परीक्षेत गुण निम्म्याहून कमी पडत होते. "हिला गणित झेपत नसेल, तर सोडून बायोलॉजी घ्यायला हवं होतं का?" असा त्यांचा थेट प्रश्न होता.

वह्या पाहून मला तसे वाटले नाही. मी मुलीला एक साधे उदाहरण दिले: २० मीटर तारेच्या कुंपणात जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाचा आयत बसेल? तिने लगेच विचारले, "मॅडम, हे कोणत्या चॅप्टरमधलं?" अडचण नेमकी इथेच होती. 'डेरिव्हेटिव्हचे (राशी बदलण्याच्या दराचे) उपयोग' या शीर्षकाखाली उदाहरण आले की पद्धत निवडण्याचे काम शीर्षकानेच केलेले असते. सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या पेपरात मात्र ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात आणि एकावरही प्रकरणाचे नाव नसते.

बदलणारी राशी कोणती, एवढेच मी विचारले. थोड्या वेळाने तिने एक बाजू क्ष आणि दुसरी १० − क्ष मानून क्षेत्रफळ १०क्ष − क्ष² असे मांडले, आणि मग त्याचे डेरिव्हेटिव्ह शून्य धरून १० − २क्ष = ०, क्ष = ५, क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, हे झरझर आले. डेरिव्हेटिव्हशिवाय जमेल का, असे विचारल्यावर मात्र ती बरीच अडखळली. शेवटी २५ − (क्ष − ५)² असे लिहून, वर्ग ऋण नसल्याने उत्तर २५ च्या वर जाणारच नाही, हे तिने स्वतःच सांगितले.

त्यानंतर आम्ही सरावाची रीत बदलली. निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून मिसळायची आणि सोडवण्याआधी काय दिले आहे, काय हवे आहे, कोणती पद्धत व का, हे लिहायचे. अडल्यास उत्तराची पहिलीच ओळ पाहून पुस्तक मिटायचे आणि दोन-तीन दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवायचे. अशा सरावाचा वेग सुरुवातीला कमी असतो, त्यामुळे मुलीची पीछेहाट होत आहे असे समजू नये, हे आईंना मुद्दाम सांगावे लागले. (पोर्शन संपवण्याच्या घाईत क्लासमध्ये यासाठी सवड क्वचितच मिळते.)

पुढच्या भेटीतल्या वहीत चुका होत्याच, पण बहुतेक चिन्हांच्या आणि आकडेमोडीच्या. पद्धत निवडताना ती फारशी चुकली नव्हती. गणित सोडण्याचा विषय आईंनी पुन्हा काढला नाही.