तपकिरी थर डायटमचा की डायनोफ्लॅजेलेटचा?

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी सुरू केली. तीत दोन क्लाउनफिश आणि काही गोगलगायी आहेत. वाळूवर तपकिरी थर दिसू लागल्यावर मी खाद्य निम्मे केले, दर आठवड्याला पाणी बदलले आणि फॉस्फेट शोषणारे माध्यमही बसवले. आता नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्य आहेत, तरीही थर वाढतोच आहे आणि गोगलगायी मरत आहेत. पाणी आरओ-डीआयचे (गाळून, क्षार काढून शुद्ध केलेले) वापरतो. उपाय सुचवावा. – एक वाचक, ठाणे

उत्तर : नव्या टाकीतला तपकिरी थर बहुधा डायटमचा, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळाचा, असतो. त्यांचे कवच सिलिकाचे असल्यामुळे पाण्यातले सिलिकेट संपत आले की काही आठवड्यांत तो थर आपोआप ओसरतो, आणि बोट फिरवले तर धुळीसारखा उडतो. आपल्याकडे मात्र पोषकद्रव्ये शून्यावर आल्यानंतरही थर वाढत आहे व गोगलगायी दगावत आहेत, त्यामुळे तो डायनोफ्लॅजेलेटचा (तंतूंच्या साहाय्याने हालणाऱ्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा) असावा, अशी दाट शंका येते. थर चिकट असून त्यातून बुडबुडे अडकलेले धागे वर निघत असतील आणि दिवे बंद केल्यावर रात्री तो विरळ होऊन सकाळी पुन्हा दाट होत असेल, तर ही शंका बळावते. लालसर, चादरीसारखा सलग सोलला जाणारा थर असता, तर सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा) विचार करावा लागला असता.

खात्रीसाठी थोडा थर टाकीच्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोराने हलवावा, कागदी रुमालातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर प्रकाशात ठेवावे. त्यात पुन्हा धागे जुळून आले तर निदान बहुतांशी पक्के समजावे. ओळखीच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मिळाला तर अधिक बरे, कारण पुढचा उपाय जातीवर अवलंबून आहे.

आपण केलेले उपाय हिरव्या केसाळ शेवाळावर योग्य ठरले असते. येथे मात्र त्यांनी डायनोफ्लॅजेलेटचे प्रतिस्पर्धी जिवाणू व शेवाळच उपाशी ठेवले. म्हणून फॉस्फेटचे माध्यम काढावे, पाणी बदलणे काही काळ थांबवावे, खाद्य पूर्ववत करावे आणि नायट्रेट ५ पीपीएम (दशलक्षात ५ भाग) व फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास स्थिर ठेवावे. एवढ्याने त्यांचे प्रमाण वाढले नाही, तर मत्स्यटाकीसाठी मिळणारी नायट्रेट व फॉस्फेटची द्रावणे थोड्या मात्रेत घालावी लागतील. थर नळीने ओढून बारीक गाळणीच्या पिशवीतून गाळावा आणि तेच पाणी परत टाकीत सोडावे. काही जाती विषारी असतात, तेव्हा हातमोजे घालावेत.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एका बिंदूभोवती गरगर फिरताना दिसल्या, तर ती ऑस्ट्रिऑप्सिस ही डायनोफ्लॅजेलेटची जात असण्याची शक्यता मोठी. ती रात्री पाण्यात तरंगते, म्हणून यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा आणि तीन दिवसांचा अंधार तिच्यावर चांगले काम करतात. अ‍ॅम्फिडिनियम ही दुसरी जात मात्र वाळूतच राहते. तिच्यासाठी यूव्ही दिव्यावर पैसे घालवू नयेत.