गांजा ओढायला पहिला पाइप घरीच करायचाय? सफरचंद घे

भावा, टोरांटोत आहेस, १९ पूर्ण झालेत आणि माल लायसनवाल्या दुकानातून घेतलायस म्हणजे कायद्याचं टेन्शन नाही, कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून चालतं. बाटल्या कापायच्या भानगडीत पडू नकोस, घट्ट सफरचंद घे, देठ काढून तिथे छोटा खळगा कर, मग स्वच्छ लाकडी काडीने खळग्यातून मध्यापर्यंत एक भोक आणि बाजूने दुसरं, दोन्ही आत भेटली पाहिजेत. फुंकून बघ, हवा गेली की झालं.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- प्लास्टिकची बाटली, पेनची नळी. तापली की प्लास्टिकचा धूर थेट छातीत, अजिबात नको.
- कोल्ड्रिंकचा कॅन. बाहेर रंग, आत प्लास्टिकचा थर असतो.
- खळगा ठासून भरणं. चिमूटभर पुरे, सैल ठेव.

एक छोटा झुरका मार आणि पंधरावीस मिनिटं थांब खरंच, दम रोखून धरल्याने जास्त चढत नाही, फक्त खोकला येतो. सोबत बिअर नको, गाडी तर नाहीच. आणि भारतात येताना बॅगेत चुकूनही काही ठेवू नकोस, सीमेपार नेणं तिकडेही गुन्हाच आहे. बाकी स्क्रीन (खळग्यात बसवायची जाळी), पाण्याचे पाइप वगैरे नंतर बघू.