रोमन बंदरं आज समुद्रापासून इतकी आत कशी? आणि किनाऱ्यावर नुसता धक्काच असायचा का?

तुमच्या प्रश्नाला सगळ्या बंदरांसाठी एकच उत्तर नाही, म्हणून मी स्वतः फिरून पाहिलेल्या बंदरापासून सुरू करतो, ते म्हणजे रोमचं पोर्टुस.

रोम समुद्रावर नाहीच, टायबर नदीवर आहे. नदीच्या मुखाशी ऑस्टिया होतं पण तिथे गाळ एवढा की धान्याची मोठी जहाजं आत येईनात, मग क्लॉडियस बादशहाने इ.स. 42 मध्ये मुखाच्या जरा उत्तरेला समुद्रात दोन लांब बंधारे घालून नवीन बंदर बांधायला घेतलं. खर्च ऐकून तरी हा माघार घेईल असं त्याच्या बांधकामवाल्यांना वाटत होतं, त्याने नाही घेतली. दीपगृहाचा पाया काय घातला माहितीये? एक अख्खं जहाज! आज व्हॅटिकनच्या चौकात जो इजिप्तचा दगडी स्तंभ उभा आहे तो ज्या जहाजातून आणला तेच काँक्रीट भरून बुडवलं आणि त्यावर दीपगृह बांधलं.

पण हे बंदर फारच उघडं पडलं. इ.स. 62 च्या वादळात बंदराच्या आत उभी असलेली सुमारे 200 जहाजं गेली, म्हणून मग पुढे ट्राजन बादशहाने आतल्या बाजूला जमीन खणून षटकोनी गोदी केली, एकेक बाजू साधारण 358 मीटरची. ती अजून आहे, पाण्याने भरलेली, शेजारी रोमचा विमानतळ, आणि समुद्र मात्र 3 किलोमीटरच्या आसपास लांब! कारण तोच टायबरचा गाळ, दोन हजार वर्षं साचत साचत किनाराच पुढे सरकला. विमानतळाचं काम चालू असताना क्लॉडियसच्या बंदरातल्या जुन्या लाकडी जहाजांचे सांगाडे निघाले ते यामुळेच.

आता धक्क्याशिवाय काय. मला विचाराल तर खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे वखारी. षटकोनाभोवती वखारींच्या रांगाच रांगा होत्या, भिंती जाडजूड, आणि काही ठिकाणी फरशी छोट्या भिंतींवर उचललेली, म्हणजे खालून हवा खेळती राहून गहू सडू नये. धक्क्यावर जहाजाचा दोर बांधायला भोकं पाडलेले दगड, शिवाय देवळं, हमामखाने, आणि बादशाही थाटाचा एक मोठा वाडासुद्धा. म्हणजे बोटीतून उतरणाऱ्याला पहिल्यांदा रोमचा रुबाब दिसला पाहिजे हा हिशोब होताच.

सगळीच बंदरं आत गेली असं मात्र नाही हां. हेरोद राजाचं सिझेरिया, आत्ताच्या इस्रायलमधलं, ते उलट पाण्याखाली गेलंय, बंधारे खचले. तिथे लाकडी पेट्या समुद्रात सोडून आत काँक्रीट भरलं होतं, आणि त्यातली ज्वालामुखीची राख थेट इटलीतल्या नेपल्सच्या उपसागरातून जहाजाने नेलेली. ही राख चुन्यात मिसळली की पाण्याखालीसुद्धा घट्ट होते. आपल्याकडे सिमेंटच्या गोणीवर 'पोझोलाना' लिहिलेलं असतं ना, तो शब्द तिथल्याच पोत्सुओली गावावरून आलाय.

आणि पोत्सुओलीची तर तिसरीच तऱ्हा. तिथली जमीनच ज्वालामुखीमुळे खालीवर होते. बंदराजवळच्या जुन्या बाजारात तीन संगमरवरी खांब उभे आहेत, त्यांच्यावर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर समुद्री शिंपल्यांनी पाडलेली भोकं दिसतात, म्हणजे खांब तसेच उभ्या उभ्या पाण्यात गेले आणि परत वर आले! मी तिथे बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

रोमला जाणार असाल तर विमान उतरताना खिडकीतून तो षटकोन शोधा. ऑस्टियाला रोमहून लोकल जाते, पूर्ण दिवस ठेवा, पायात चांगले बूट घाला, आणि नाट्यगृह बघून परत फिरू नका, वखारींपर्यंत जा.