वाचकांचे प्रश्न : पिओ गामा पिंटो यांना कोणत्या राजकारणासाठी प्राण गमवावे लागले?

प्रश्न : गोवामुक्तीवरील एका व्याख्यानात पिओ गामा पिंटो यांचे नाव ऐकले. ते केनियाच्या संसदेत होते आणि त्यांचा खून झाला, एवढेच वक्त्यांनी सांगितले. मूळच्या गोमंतकीय माणसाला तेथील राजकारणात एवढे स्थान कसे मिळाले? आणि देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना का मारले गेले?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : पिंटो यांचा जन्म 1927 साली नैरोबीत झाला. आईवडील गोमंतकीय असल्याने त्यांना लहानपणीच शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले आणि गोव्यात व धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. पुढे मुंबईत टपाल व तार खात्यात नोकरी करत असताना ते कामगारांच्या संपात उतरले, तसेच पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या गोमंतकीय चळवळीतही सामील झाले. अटकेची शक्यता दिसू लागल्यावर 1949 साली ते केनियाला परतले. मजूर संघटना आणि वृत्तपत्र या दोन्ही साधनांचा वापर ते मुंबईतच शिकले होते, असे मला वाटते.

त्यांना स्थान मिळाले ते कोणत्याही पदामुळे नव्हे. केनियातील बहुसंख्य भारतीय गोऱ्यांच्या सत्तेखाली आपला व्यापार आणि नोकरी सांभाळून होते. पिंटो यांनी मात्र आफ्रिकी कामगारांत काम केले, भारतीयांच्या वृत्तपत्रातून वसाहतवादावर टीका केली आणि माऊ माऊ उठावातील, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या सशस्त्र बंडातील, लढवय्यांना गुप्तपणे मदत पोहोचवली. जून 1954 मध्ये, लग्नाला जेमतेम पाच महिने झाले असताना, त्यांना पकडण्यात आले. केनियातील मांडा बेटावरील कैद्यांची छावणी आणि त्यानंतर काबार्नेट येथील स्थानबद्धता मिळून त्यांची सुटका व्हायला 1959 साल उजाडले. दरम्यान त्यांच्या वडिलांचे निधन झाले. त्यांची अखेरची भेट पिंटो यांना घेऊ दिली गेली नाही. ज्याने आपल्याबरोबर बंदिवास भोगला त्याला परका कोण म्हणणार? आफ्रिकी कार्यकर्त्यांनी त्यांना आपले मानले, ते या वर्षांमुळे.

सुटकेनंतर ते ‘कानू’ (केनिया आफ्रिकन नॅशनल युनियन) या स्वातंत्र्यवादी पक्षाच्या प्रचाराची आणि वृत्तपत्रांची बांधणी करू लागले. त्यासाठी नेहरूंच्या सरकारकडूनही आर्थिक साहाय्य मिळाले होते. 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि 1964 मध्ये पिंटो संसदेत आले, तेही मतदारसंघातून नव्हे, तर खासदारांनी निवडून द्यावयाच्या जागेवर.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ जमिनीत आहे. गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावलेल्या उंचावरील सुपीक जमिनी स्वातंत्र्यानंतर परत मिळतील, या आशेवर हजारो लोक लढले होते. प्रत्यक्षात त्या ब्रिटिश कर्जाच्या आधारे विकत घेतल्या जाऊ लागल्या आणि ज्यांच्याजवळ काहीच उरले नव्हते, त्या सुटून आलेल्या बंदिवानांच्या वाट्याला फारसे काही येईना. अध्यक्ष जोमो केन्याटा यांच्या भोवतालचा गट या व्यवस्थेच्या बाजूचा होता. उपाध्यक्ष ओगिंगा ओडिंगा आणि कानूतीलच नेते बिल्दाद काग्गिया तिच्या विरोधात होते, आणि या विरोधी गटाची आखणी, जुळवाजुळव व लेखन करणारे मुख्य माणूस होते पिंटो. मोठ्या नेत्याला हात लावण्यापेक्षा त्याचा संघटक नाहीसा करणे सोपे असते, हे येथे विसरता येत नाही.

24 फेब्रुवारी 1965 रोजी सकाळी नैरोबीतील राहत्या घराच्या आवारात, मोटारीत असतानाच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. धाकटी मुलगी गाडीतच होती. ते अवघ्या 37 वर्षांचे होते. या खुनाबद्दल एका तरुणाला शिक्षा झाली; आपण निर्दोष आहोत असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला आणि 2001 साली सुटला. खून करवणारे कोण, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही.

पिंटो गेल्यावर ओडिंगांच्या गटाची बाजू झपाट्याने लंगडी पडत गेली. 1966 मध्ये ओडिंगांनी उपाध्यक्षपद सोडून काग्गियांसह वेगळा पक्ष काढला. 1969 मध्ये त्यावर बंदी आली आणि ओडिंगा स्वतंत्र केनियाच्या सरकारचे स्थानबद्ध झाले.